मृणालिनीच्या तक्त्यातली अठ्ठेचाळिसावी ओळ

बेलव्ह्यूच्या मराठी मंडळींत कुणाला जुनी गाडी घ्यायची असली, नवा कुकर घ्यायचा असला किंवा मुलाने घरी आणलेली मैत्रीण कशी वाटते याचा अंदाज हवा असला, की मृणालिनी कारखानीसला बोलावणं जातं. ती येते, डोक्यावरचा चष्मा नाकावर घेते आणि पंधरा मिनिटांत अशी खोट काढते की विकणारासुद्धा म्हणतो, "हे मलाच माहीत नव्हतं." मैत्रिणींच्या बाबतीत मात्र ती काही बोलत नाही. चहा कसा झाला होता एवढंच सांगते. ज्यांना समजायचं त्यांना समजतं.

बाई मूळच्या नागपूरच्या, वय छप्पन्न. सव्वीस वर्षं एका सॉफ्टवेअर कंपनीत दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम मोडून दाखवायचा पगार घेतात. ऑफिसातली तरुण पोरं तिला वचकून असतात, कारण ती ओरडत नाही. लॅपटॉप परत देते आणि म्हणते, "फिक्स कर आणि परत आण." तिच्या टेबलामागे भिंतीवर तिने स्वतः छापून लावलेला कागद आहे: बग असणं गुन्हा नाही, लपवणं गुन्हा आहे. नवरा शंतनू म्हणतो, हा कागद घरातही लावलाय, फक्त तो दिसत नाही. तीस वर्षांत त्याचा उपमा दोनदाच पास झाला आहे.

मुलगी केया चौथीत असताना शाळेसाठी मातीचा ज्वालामुखी करून बसली होती. आदल्या संध्याकाळी आईने तो चाचणीला घेतला. दोनदा लाव्हा आला, तिसऱ्यांदा नुसता फेस आला. "फिक्स कर आणि परत आण." केयाने रडत रडत दुसरा केला. दुसऱ्या दिवशी त्या ज्वालामुखीने वर्गाच्या बाईंच्या स्वेटरपर्यंत मजल मारली, केयाला पहिलं बक्षीस मिळालं, आणि ती आईशी दोन दिवस बोलली नाही.

ती केया आता सत्तावीस वर्षांची आहे. मायक्रोस्कोप नाही, लॅपटॉप नाही. डोंगरापलीकडच्या एका गावात राहते आणि हिवाळ्यात लोकांना स्कीवरून रानावनात नेते. उतारावरून सुसाट येणारी स्की वेगळी. ही चालायची स्की: लांब, अरुंद, बुटाचा फक्त चवडा अडकवायचा, टाच मोकळी, आणि जिथे कुणी वाट आखून ठेवलेली नाही अशा बर्फातून मैलोन् मैल जायचं. दर जानेवारीत केया आठ मैल आत असलेल्या एका लाकडी झोपडीत जाऊन राहायची. तिथे वीज नाही, फोन लागत नाही, एक शेगडी आहे आणि चार बाकं.

आणि येत्या मार्चमध्ये ती नोकरीसाठी दोन वर्षं अलास्काला चालली होती. म्हणजे दोन वर्षं फोनवर "आय ॲम फाइन, आई" एवढंच ऐकायचं, हे मृणालिनीला पक्कं माहीत होतं. त्याआधी त्या झोपडीत दोन दिवस मुलगी सलग मिळाली असती, मध्येच तिला फोन आला असता अशीही सोय नव्हती. मृणालिनीला ते दोन दिवस हवे होते. बढतीसुद्धा तिला इतकी कधी हवीशी झाली नव्हती.

डिसेंबरात जेवताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "मी येऊ का गं या वेळी तुझ्या झोपडीत?"

गेली तीन वर्षं मृणालिनी भाड्याची स्की लावून आखलेल्या वाटांवर फिरत होती, तेव्हा प्रश्न अगदीच वेडा नव्हता. तरी केया बराच वेळ ताटाकडे बघत राहिली.

"स्वतःचं गिअर घ्यावं लागेल, आई. रेंटल नाही चालणार. आणि आधी टेस्ट डे. मी चेक करणार. एक जरी गोष्ट फेल, तर यू आर नॉट कमिंग."

"मला टेस्ट सांगतेस?" मृणालिनी म्हणाली. शंतनूने आमटीत तोंड लपवलं.

दुसऱ्याच दिवशी गूगल शीट उघडली गेली. स्की, बूट, काठ्या, हातमोजे, पाठपिशवी, थर्मास मिळून सत्तेचाळीस ओळी.

स्कीच्या दुकानात रीमा भेटली. चाळिशीची, क्युपर्टिनोत वाढलेली, दोन्ही आईवडील डॉक्टर, आणि ही स्की विकते हे घरात अजून हळू आवाजात सांगितलं जातं. तिने पहिलाच प्रश्न वजनाचा विचारला.

"अठ्ठावन्न किलो," मृणालिनीने डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं.

रीमाने एकदा वरून खाली पाहिलं, पण काकूंशी वाद घालायचा नाही हे तिला लहानपणापासून माहीत होतं. स्कीला मधोमध कमान असते. ती माणसाच्या वजनाप्रमाणे निवडायची. दोन्ही स्कींवर उभं राहिल्यावर पायाखालून कागद सरकला पाहिजे, म्हणजे कमान बरोबर. रीमाने सपाट जमिनीवर स्की ठेवल्या, मृणालिनी वर चढली, रीमाने खाली कागद सरकवला. कागद निम्म्यात अडकला. तिने ओढला. तो फाटला.

"काकू," रीमा अदबीने म्हणाली, "द पेपर थिंक्स थोडं जास्त आहे."

मृणालिनीने इकडेतिकडे पाहिलं आणि कानात सांगावं तसा आकडा सांगितला. पुढच्या जोडीखालून कागद सुळ्ळकन निघाला. त्या दिवशी तिने तक्त्यात 'कमान: पास' असं लिहिलं आणि बाकी तपशिलाचा रकाना कोरा ठेवला. तिच्या नोकरीच्या इतिहासातला तो पहिला कोरा रकाना.

मग तीन आठवडे घरात जे चाललं ते शेजारची अनिका अजून तिच्या ऑफिसात रंगवून सांगते. मृणालिनी स्कीचे बूट घालून पोळ्या लाटायची, कारण बूट पायाला सवय झाल्याशिवाय चावतात. पाठपिशवीत दहा किलो कणकेची गोणी घालून जिना चढायची आणि उतरायची, चाळीस वेळा, आणि शंतनू खाली स्टॉपवॉच घेऊन बसायचा. हातमोजे घालून लाडवाचा डबा उघडून लाडू न फोडता बाहेर काढायचा, अशी एक चाचणी होती. तिच्यात अकरा लाडू कामी आले. ते शंतनूने संपवले. हातमोजे घातलेला हात ती दहा मिनिटं फ्रीझरमध्ये मटाराच्या पिशवीवर ठेवून उभी राहायची. थर्मासमधला चहा नवव्या तासाला जीभ भाजतो, हे तिने जीभ भाजून घेऊन नोंदवलं.

स्की मात्र फ्रीझरमध्ये मावत नव्हती. ती दिवाणखान्यात, हीटरच्या जाळीशेजारी, गालिच्यावर तपासली गेली. बुटाच्या चवड्याखाली एक आडवी दांडी असते. ती स्कीवरच्या खाचेत बसवायची आणि पुढची कळ हाताने दाबायची, की बूट पक्का. कळ उचलली की सुटा. या सगळ्याला बाइंडिंग म्हणतात. मृणालिनीने कळ वीस वेळा दाबली आणि वीस वेळा उचलली, आणि प्रत्येक वेळी कुर्र असा आवाज आला.

आता कुर्र आवाज आला की काय करायचं हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. नागपूरला दाराची बिजागरी कुरकुरली की आईने जे केलं, शिलाई मशीन कुरकुरलं की आजीने जे केलं, तेच तिने केलं. बाथरूममधून खोबरेल तेलाची बाटली आणली. जानेवारीतलं बेलव्ह्यू, बाटली अर्थातच गोठलेली. दर रविवारी केसांना लावायच्या आधी करते तशी तिने ती गरम पाण्याच्या भांड्यात उभी केली, तेल पातळ झालं, आणि दोन्ही बाइंडिंगांत चमचा चमचा सोडलं. कळ लोण्यातून गेल्यासारखी चालायला लागली. वीस वेळा, बिनआवाज. तिने लिहिलं: बाइंडिंग, पास. मग 'पास'पुढे खूश होऊन एक तारा काढला.

सव्वीस हिवाळे ज्या बाईने दर रविवारी ती बाटली गरम पाण्यात धरली, तिच्या डोक्यात तेव्हा काहीही आलं नाही.

टेस्ट डे शनिवारी होता. केया आदल्या दिवशीच घरी आली होती. स्की गाडीच्या आत, हीटर चालू, त्यामुळे डोंगरातल्या पार्किंग लॉटवर उतरेपर्यंत तेल छान पातळ राहिलं. बूट टकटक बसले. बाहेर पारा एकोणीस फॅरनहाइटवर, म्हणजे शून्याखाली सात सेल्सिअसवर होता. केयाने आईच्या तक्त्याची छापील प्रत लावलेला क्लिपबोर्ड पाठीला अडकवला आणि निघताना एकच वाक्य बोलली. "गिअर तुटलं, दॅट्स ओके. मला नाही सांगितलं, नॉट ओके." मृणालिनीला वाटलं, हे आपण कुठेतरी वाचलंय.

सकाळ झकास गेली. चढावर स्की मागे घसरली नाही, काठ्या बुडल्या नाहीत, पाठपिशवीने खांदे धरले नाहीत. केया थांबून थांबून क्लिपबोर्डवर खुणा करत होती, आणि एकदा तर "नाइस, आई" म्हणाली. त्या दोन शब्दांवर मृणालिनी पुढचा अर्धा मैल उडत गेली.

दुपारी एका मोकळ्या जागी केयाने बर्फात चटई पसरली. "लंच. स्कीज ऑफ."

मृणालिनी वाकली. कळ उचलली. कळ उचलली गेली नाही. दुसऱ्या पायाची उचलली. तीही तशीच. तिने जोर लावला, काठीचं टोक घातलं, दात आवळले. दोन्ही बूट स्कीला असे चिकटले होते की जणू कारखान्यातूनच तसे निघाले असावेत.

"एनी प्रॉब्लेम?"

"छे गं," मृणालिनी म्हणाली. "मी उभ्यानेच खाते. खाली बसलं की गुडघे धरतात माझे."

हे तोंडातून निघालं आणि तिचं तिलाच नवल वाटलं. पण निघालं ते निघालं. तिच्या डोळ्यांपुढे ती झोपडी, ती शेगडी आणि ती चार बाकं उभी होती. तिने पाच फूट दहा इंच लांबीच्या दोन पायांवर उभं राहून थेपला खाल्ला. केयाने चहा विचारला, तर नको म्हणाली, कारण चहा प्यायला की पुढे काय होणार आणि ते स्कीसकट कसं करणार, हा प्रश्न होता. त्या दिवशी तिने पाण्याचा घोटही घेतला नाही. केयाने दोनदा विचारलं, "बाथरूम ब्रेक?" आणि दोन्ही वेळा मृणालिनीने ताकास तूर लागू दिली नाही.

चार वाजता त्या दोघी पार्किंग लॉटच्या कडेला आल्या.

"लास्ट वन. बाइंडिंग. पाच वेळा काढायचं, पाच वेळा घालायचं," केया म्हणाली. "मी पेन घेऊन येते गाडीतून. हे गोठलंय."

मृणालिनीने घाईघाईने हातमोजा काढला, कळीवर बोट घासलं, आणि सवयीने नाकाशी नेलं. रविवारचा वास आला. दुसऱ्या क्षणी तिच्या डोळ्यांपुढे गरम पाण्याच्या भांड्यात उभी असलेली बाटली आली, आणि तिला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

पण आधी थर्मास. आल्याचा, साखरेचा, दुधाचा चहा, सकाळपासून भरलेला आणि नवव्या तासालाही जीभ भाजणारा. निम्मा उजव्या बाइंडिंगवर, निम्मा डाव्या. वाफ उठली, कळ सुटली, पाय मोकळे झाले, जीव भांड्यात पडला. तेवढ्यात कुणाचा तरी मोठा पिवळा कुत्रा धावत आला आणि भक्तिभावाने तिचा बूट चाटायला लागला.

"डॉग्ज लव्ह यू," केया परत येत म्हणाली.

"प्रेमळ आहे बिचारा," मृणालिनी म्हणाली आणि पायाने त्याला हळूच ढकललं.

काढलं, घातलं. काढलं, घातलं. पाचव्या वेळी कळ जरा अडली, कारण चहाही गोठायला लागला होता. पण निघाली. केयाने शेवटची खूण केली. "फोर्टीसेव्हन आउट ऑफ फोर्टीसेव्हन. पास, आई." आणि तिने आईला जाड जाकिटासकट मिठी मारली. आधी स्वच्छतागृहाकडे धाव घेतलेली मृणालिनी परत येऊन गाडीत बसली, तेव्हा तिला जगात आणखी काही नको होतं.

हे सुख सुमारे सोळा मिनिटं टिकलं.

"यू नो, बाइंडिंग मी लास्ट का ठेवते?" केया गाडी चालवता चालवता म्हणाली. "हटच्या वाटेवर झाडांखाली बर्फ पोकळ असतो. माणूस आत पडतो, डोकं खाली. स्की काढता आली नाही ना, तर एकट्याने बाहेर येता येत नाही. मग मला आत उतरावं लागतं. तेव्हा आम्ही दोघं आत."

एक मैल गेला, दुसरा गेला. पार्किंग लॉटवर मिळालेली मिठी तिच्या अंगावर अजून होती आणि टोचत होती.

"गाडी बाजूला घे," ती म्हणाली.

"का? बरं नाही वाटत?"

"घे म्हणते ना."

पुढच्या एक्झिटला एका पेट्रोल पंपापाशी गाडी थांबली. मृणालिनीने सगळं सांगितलं. कुर्र आवाज, खोबरेल, उभ्याने खाल्लेला थेपला, चहा, कुत्रा. ऑफिसात सांगते तसं, क्रमाने, एकही पायरी न गाळता. "गुडघे ठणठणीत आहेत माझे," हेही सांगितलं. मग म्हणाली, "मला यायचं होतं गं. तू लांब चाललीस."

कुत्र्याचं ऐकताना केयाचे ओठ थरथरले होते, पण ती हसली नाही. तिने मागच्या सीटवरून क्लिपबोर्ड घेतला. सत्तेचाळीस ओळींखाली आणखी एक ओळ आखली आणि लिहिलं: बाइंडिंग, थंडीत, चार तासांनी. पुढे लिहिलं: फेल.

मग तिने क्लिपबोर्ड आईच्या मांडीवर ठेवला आणि स्वच्छ मराठीत, एकही इंग्रजी उच्चार येऊ न देता, सव्वीस वर्षांचा तो सूर जसाच्या तसा उचलून म्हणाली, "फिक्स कर आणि परत आण. गुरुवारपर्यंत."

मृणालिनीला इतका राग आला की तो आवरेना. आणि त्याच वेळी तिला इतका अभिमान वाटला की तोही आवरेना. घरी पोचेपर्यंत तिने क्लिपबोर्ड मांडीवरून हलवला नाही. त्या ज्वालामुखीनंतरच्या दोन दिवसांत पोरीला काय वाटलं असेल, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

रविवारी केस कोरडे राहिले. उकळतं पाणी, भांड्याचा साबण आणि टूथब्रश घेऊन मृणालिनी बाइंडिंगांपाशी बसली. टूथब्रश शंतनूचा होता, आणि जुना होता की चालू, यावर त्या घरात आजही दोन मतं आहेत. मग स्की रात्रभर बाहेर डेकवर ठेवायच्या आणि सकाळी सहाला, गाऊनवर जाड जाकीट घालून, बाहेर उभं राहून कळ वीस वेळा उचलायची आणि दाबायची. शंतनू व्हिडिओ काढायचा. बुधवारी अठराव्या वेळी डावी कळ अडली. व्हिडिओ तिथेच थांबवून पुन्हा काढता आला असता, शंतनूने तसं सुचवलंही. मृणालिनीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो आत जाऊन उपमा करायला लागला. व्हिडिओ तसाच केयाला गेला, खाली मजकूर: डावी, अठराव्या वेळी, फेल. पुन्हा धुते आहे.

गुरुवारी वीसपैकी वीस.

दहा मिनिटांनी केयाचं उत्तर आलं. "पास. स्वतःची उशी आण. नो ऑइल." आणि खाली झोपडीच्या बुकिंगची ईमेल पुढे पाठवलेली.

दुसऱ्या कुणी ती वाचून फोन ठेवून दिला असता. मृणालिनीने सवयीने वरपासून खालपर्यंत तपासली. शुक्रवार ते रविवार, बरोबर. दोन माणसं, बरोबर. नावं: केया, आई. बरोबर. बुकिंगची तारीख: तीन ऑक्टोबर.

तिने चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. तिने विचारलं होतं डिसेंबरात. म्हणजे त्या दिवशी ताटाकडे बघत बसलेल्या पोरीने दोन महिने आधीच आईची जागा धरून ठेवली होती. आणि ती जागा धरून ठेवलेली असताना, पेट्रोल पंपापाशी गाडीत बसून, तिने 'फेल' लिहिलं होतं. मृणालिनी बूट घातलेल्या पायांनी जिन्याच्या पायरीवर बसली आणि रडली, आणि शंतनू बाहेर आला तेव्हा तिने ते लपवलं नाही.

"तुला माहीत होतं, ऑक्टोबरात बुकिंग केलंय ते?" तिने नाक पुसत विचारलं.

"बुकिंगचं नव्हतं माहीत," शंतनू म्हणाला. "पण तेव्हा तिचा फोन आला होता खरा. तुझं वजन विचारत होती. स्की कुठली लागेल ते बघायला."

मृणालिनी रडायची थांबली. "आणि तू काय सांगितलंस?"

"खरं सांगितलं," शंतनू म्हणाला. "या घरात लपवणं गुन्हा आहे ना?"

ती उठली, पाठपिशवीत लपवून ठेवलेली खोबरेल तेलाची छोटी बाटली काढून त्याच्या हातात दिली, आणि उशी शोधायला वर गेली.